दावं सोड वं बाई

जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. माझी सवत मेलेली होती, आणि मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं तिचं सगळंच चांगलं होतं. तिची आमटी चांगली, तिची रांगोळी चांगली, तिचा गळा चांगला. मी तिला कधी पाहिलं नाही, घरात तिचा फोटोही नव्हता. पण लग्नाच्या दिवशीच सासूबाईंनी चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली तिची पेराएवढी मूर्ती काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधली. बिजवराला दिलेल्या मुलीच्या गळ्यात असा सवतीचा टाक असतो. रोज आंघोळ झाली की त्याला हळद-कुंकू लावायचं, सणाला नवं लुगडं आणलं की आधी त्याला दाखवायचं, तिच्या नावानं घडी मोडायची आणि मग आपण नेसायचं. चार वर्षांत मी एकाही नव्या लुगड्याची घडी मोडली नाही. सगळ्या तिनंच मोडल्या.

यांचं गाव कोकणात, अगदी समुद्रावर. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि तिकडची नोकरमाणसं इकडे बदलून येऊ लागली, त्यांत हे रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसिअर म्हणून दिग्रसला आले. माझे वडील दिग्रसलाच एका वकिलांकडे कारकून होते. ओळख झाली, सोयरीक झाली. आई म्हणाली, "पोरी, सोन्यासारखा माणूस हाय, नाही म्हणू नको." सोन्यासारखे होते हे खरंच. माझ्या तापात तीन दिवस उशाशी बसले होते. पण माझ्याकडे बघत नसत. बोलत, हसत, माझ्या 'मले-तुले'ची चेष्टा करत. नजर मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागलेली. मला वाटे, पलीकडे ती उभी आहे. देवघरात बसले की मी रेणुकेला हात जोडायची आणि मनात एकच मागायची : हिला घेऊन जा, माझा नवरा मला एकटीला दे. मेलेल्या बाईला आणखी कुठे न्यायचं, हे मला सुचत नसे. पण मागणं तेच. अशी दात-ओठ खाऊन केलेली पूजा देवाला कशी पोचणार, अशी शंकाही यायची, आणि मग मी आणखीच चिडायची.

त्यात यांनी नाव बांधायला घेतली. आमच्याकडे सागाला तोटा नाही. एका सुताराला हाताशी धरून, ऑफिस सुटल्यावर रोज दोन तास, अशी आठ-दहा महिने खपून यांनी शिडाची होडी उभी केली. दिग्रसच्या बाजारात लोक विचारत, "साहेब, समुद्र मागवून राह्यले का पार्सलनं?" हे हसत. मला हसू येत नव्हतं, कारण मला ठाऊक होतं की ही होडी कुठून आली. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे आणि ती दोघंच, यांच्या वडिलांच्या होडीतून किनाऱ्या-किनाऱ्यानं आठ दिवस फिरली होती. या बंदराहून त्या बंदराला, होडीतच रांधून जेवायचं. हे एकदाच बोलले होते, बोलता बोलता म्हणून गेले, "ती सुकाणूसुद्धा धरायची." ते वाक्य माझ्या पोटात चार वर्षं आंबत होतं.

दिवाळीनंतर हे म्हणाले, "पैनगंगेला अजून पाणी आहे. पुसदच्या पुढे नाव पाण्यात टाकू आणि काठाकाठानं माहूरला जाऊ. देवीचं दर्शन होईल. येशील?"

मी म्हणाले, "मले काय विचारता? न्या ना." मनात म्हणाले, ती आठ दिवस गेली होती ना, मी अठरा दिवस येते.

देवीला खण-नारळ घेतलं, शिधा घेतला आणि खडी वाहणाऱ्या ट्रकवर नाव लादून निघालो. पहिला दिवस फार चांगला गेला, हे मला नाइलाजानं लिहावं लागतं आहे. पाणी नितळ होतं, वारा पाठीवर होता, काठानं पिवळी पडत आलेली ज्वारी. पलीकडच्या काठावर काल-परवापर्यंत निजामाचं राज्य होतं. तिकडचे गुराखी आम्हाला पाहून हाका मारत. शिडाच्या खालच्या टोकाला एक दोरी असते, ती हातात धरून शीड वाऱ्याला द्यायचं. हे तिला 'दामण' म्हणत. मी हसून लोटपोट झाले. "दामण कुठली? आमच्याकडे ढोरं बांधाच्या दोरीले दावं म्हणते. तुमचं शीड म्हणजे ढोर, अन् हे त्याचं दावं." यांनाही गंमत वाटली. संध्याकाळपर्यंत हेही "दावं दे, दावं घे" म्हणू लागले. मग यांनी मला शिकवायला घेतलं. वारा अचानक भरला तर काय करायचं ते सांगू लागले, आणि मध्येच म्हणाले, "तिला हे पहिल्याच दिवशी जमलं होतं." झालं. तिचा उल्लेख निघाला की माझे कान बंद होत. पुढे हे जे काही बोलले त्यातला एक शब्द माझ्या डोक्यात शिरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका डोहाकाठी नाव बांधली होती. हे पलीकडे खडकावर आंघोळीला गेले. मी पाण्याशी बसले, गळ्यातला काळा दोरा दातानं तोडला आणि टाक पाण्यात सोडला. सोडला म्हणजे फेकलाच. जाताना लकाकला आणि दिसेनासा झाला. यांना सांगायचं ठरवलं होतं की दोरा कुजला होता, तुटला असेल. खोटं सांगत नाही, आनंद झाला. न्याहारीला मी यांना चौथी भाकर आग्रहानं वाढली.

दुपारी ते घडलं. नदीला तिथे मोठं वळण आहे आणि वळणाच्या खाली खडकांमधून पाणी जोरात धावतं. वळणावर वारा एकदम फिरला. शिडाचा आडवा बांबू या बाजूचा त्या बाजूला असा फिरला की यांना वाकायलाही वेळ मिळाला नाही. कानशिलावर बसला आणि हे नावेच्या तळात कोसळले. कपाळातून रक्त येत होतं. मी हाक मारली, हलवलं, उत्तर नाही. यांच्या हातून दोरी सुटून चालली होती, ती मी पकडली. आमच्या घरी लहानपणी गाई होत्या. ढोर उधळलं की दावं सोडायचं नाही, एवढं एकच मला ठाऊक होतं. मी दोन्ही हातांनी, पाय रोवून, जीव खाऊन ते दावं धरलं. जितकं धरलं तितकी नाव एका अंगावर कलंडली. काठावरून पाणी आत येऊ लागलं आणि समोर खडक दिसू लागले.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लाजत लाजत लिहिते. देवाचं नाव आलं नाही. तिचं आलं. मला वाटलं, सकाळी मी तिला बुडवलं, आता ती आम्हाला बुडवते आहे. यांना घेऊन चालली. इतकी वर्षं दूर बसून खुणावत होती, आज हातच धरला. आणि मी मोठ्यानं ओरडले, "नाही देणार! माहा नवरा हाय, मी नाही देणार!" हात सोलून निघत होते तरी मी सोडत नव्हते.

तेवढ्यात काठावरून बाईचा आवाज आला. खणखणीत, वयस्क आवाज, रागावलेला. "सोड! दावं सोड वं बाई! सोड म्हणतो ना!"

मी विचार केला नाही. त्या आवाजाला नाही म्हणण्याची सोयच नव्हती. मी दोन्ही मुठी उघडल्या. दोरी सरसरत गेली, शीड नुसतंच फडफडू लागलं, आणि कलंडलेली नाव आपोआप सरळ झाली. तिचा सगळा जोर गेला. प्रवाहानं तिला हळूहळू आतल्या अंगाला आणलं, आणि खडकांच्या बरंच अलीकडे वाळूत तिचं नाक रुतलं. मी काही केलं नाही. मी नुसतं सोडलं होतं.

पाण्यातून दोन बाया धावत आल्या. एक साठीकडे झुकलेली, दुसरी माझ्याच वयाची, नखशिखान्त भिजलेली, हाताच्या तळव्यांची सालटी निघालेली. थोरलीनं यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, लुगड्याचा पदर फाडून जखम आवळली. थोड्या वेळानं यांनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा विचारलं, "नाव फुटली का?" तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

मी थोरलीचे पाय धरले. म्हटलं, "मावशी, तुम्ही ओरडल्या म्हणून वाचलो. नावेतलं तुम्हाले कसं ठाऊक?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मले काय ठाऊक वं नावेतलं? मी तं तुले पाह्यलंबी नोतं. मी हिले म्हणत होती. म्हैस डोहात उतरली, अन् हे येडी दावं धरून तिच्यासंगं चालली आतमंदी. म्हटलं सोड. म्हैस गेली तं येईन परत, तू गेली तं तुले मी कुठून आणू?"

"सून हाय का तुमची?"

"नाही. लहानी हाय. आमच्या मालकाची दुसरी." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "लोक सवत म्हणते. म्हणू दे."

मी वाळूत बसून राहिले. म्हैस खरोखरच दुसऱ्या काठाला लागून सावकाश चरत होती.

यांना उभं राहता येईना, म्हणून दोन दिवस आम्ही त्यांच्या घरी राहिलो. त्यांचा नवरा वणीकडे सोयऱ्यांकडे गेला होता. दोघी आम्हाला जपत होत्या. थोरली हळद गरम करून यांच्या जखमेवर बांधायची आणि उरलेली लहानीच्या तळव्यांना. मी चुलीपाशी बसून त्यांच्याकडे टक लावून पाहत असे. मला काहीतरी खोट सापडायला हवी होती; खरं सांगते, सापडली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी मी थोरलीला विचारलंच, "तुम्हाले राग नाही येत हिचा?"

"येते ना. काहून नाही येणार? मी का देव हाय?" ती भाकर थापता थापता म्हणाली. "पण राग आला का ध्यान जाते, अन् भाकर करपते. मंग दोघीलेही करपलेलीच खा लागते."

लहानी हसली. म्हणाली, "कधी कधी खातो आमी करपलेली."

तिसऱ्या दिवशी बैलगाडीनं माहूरला गेलो. यांच्या डोक्याला फडकं, पायऱ्या चढताना माझ्या खांद्यावर हात. वाटेत मी चार वर्षांचं मागणं मनात घोकत होते, कारण तेच पाठ होतं. पण देवीच्या त्या शेंदरी मुखापुढे उभी राहिले आणि ते मागणं ओठांवर येईना. 'हिला घेऊन जा' म्हणायचं कुणाला, आणि कुणाबद्दल? ज्या आवाजानं माझा नवरा मला परत दिला तो कुणाच्या तरी सवतीचा होता. मी ओटी भरली, कुटलेल्या विड्याचा प्रसाद घेतला आणि काहीही न मागता बाहेर आले. एवढं हलकं मला माहेरच्या अंगणातसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

उतरताना हे दमून पायरीवर बसले. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. दोरा तुटला नाही, मी तोडला. टाक डोहात टाकला. तुमच्या आईला काय सांगायचं ते सांगा, मला माहेरी धाडायचं तर धाडा.

हे डोक्याचं फडकं सावरत म्हणाले, "मला त्याच दिवशी दिसलं होतं. तुझा गळा मोकळा होता."

"मग बोलला काहून नाही?"

"काय बोलणार? आईनं बांधलेला, तू रोज पुजायचीस. मला वाटायचं तुला त्याची माया आहे. मी कसं सांगू की तो काढ?" यांचा आवाज बारीक झाला. "ती माझ्या हातात गेली. तो टाक बघितला की मला ती जगलेली आठवत नसे, मेलेलीच आठवे. तुझ्याकडे बघायचं म्हटलं की आधी तो दिसायचा. म्हणून मी बघत नसे."

म्हणजे चार वर्षं मी ज्या नजरेसाठी झुरले ती तिनं अडवलेली नव्हती. दात-ओठ खाऊन रोज हळद-कुंकू लावून मीच ती अडवून ठेवली होती, आणि यांनी संकोचानं. दोघांनीही आपापल्या टोकाला घट्ट धरून ठेवलं होतं.

यात चमत्कार होता की नव्हता, हे मी ठरवत नाही. त्या बाईनं मला हाक मारलेली नव्हती, हे तिनंच सांगितलं. पण हाक नेमकी त्याच घटकेला आली, आणि माझ्याच भाषेत आली. दुसऱ्या कुठल्या काठावर दोरीला दुसरं काही म्हणत असते तर मला ती कळली नसती. देवीनं माझं इतक्या वर्षांचं वाकडं मागणं ऐकलं आणि त्याला सरळ उत्तर दिलं, एवढं मी मानते. धरून ठेवण्यात माझी सगळी ताकद गेली होती. सोडायला काहीच लागलं नाही. देवीच्या पायांशी माझं आता एवढंच म्हणणं असतं की, बाई, मुठी तू उघडत जा, माझ्यानं आपणहून उघडत नाहीत.

त्या पायरीवर यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून तिचं नाव घेतलं. यमुना. मी विचारलं, ती कशी होती हो? हे सांगत राहिले, ऊन उतरेपर्यंत सांगत राहिले, आणि मी ऐकत राहिले. मला राग आला नाही. थोडा आला. देवीच्या दारात बसून खोटं कशाला बोलू?