गुडघ्यावर उभी केलेली बाई

नवऱ्याचा बेळगावात फोटोचा धंदा होता आणि बायकांना हात लावायचं काम माझं होतं. परक्या पुरुषाने बाईची मान वळवायची, पदर सारखा करायचा, हे तेव्हा चालत नव्हतं. म्हणून चौथी शिकलेली मी पडद्यापुढे जोडपी मांडायची. मला त्या कामाची किळस होती. गावाने घालून घालून आंबट झालेला एकच काळा कोट, सगळ्यांना एकाच डबीतली पावडर, आणि बुटक्या नवऱ्यांना उभं करायला गोणपाटात गुंडाळलेल्या दोन विटा. हडकुळा नवरा कोटाच्या आत टॉवेल कोंबायचा आणि जाड बायकोला म्हणायचा, "श्वास वढून धर की गं." ती धरायची.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी एकदा निपाणीहून तंबाखूच्या व्यापारातली माणसं आली. मुलगा, सून आणि मुलाचे वडील. सून खानापूरकडची, भातशेतीवाल्यांची लेक. उंच, रुंद खांद्यांची. नवरा तिच्या खांद्याला लागत होता. तीन वर्षं तिला माहेरी धाडलं नव्हतं. आईचे फारच निरोप यायला लागले तेव्हा सासऱ्याने तोड काढली होती: पोरगी नाही, फोटो धाडायचा.

आमची रीत ठरलेली. नवरा खुर्चीत, बायको शेजारी उभी. आमचे फोटो काचेवर निघायचे. त्या रीतीने एका काचेवर फोटो घेतला, तेवढ्यात सासरा कॅमेऱ्याशेजारी येऊन उभा राहिला. तिथून त्याने दोघांकडे बघितलं आणि भडकला.

"ह्यो काय फोटो? खांबाला वासरू बांधल्यागत दिसतंय!"

"मग बाईंना बसवू, ह्यांना उभं करू," माझा नवरा म्हणाला.

"बाई खुर्चीत, नि माझा ल्योक तिच्या बाजूला हुबा? लोक तोंडात शेण घालतील."

तोड मी काढली. मला कुणी विचारलं नव्हतं. "आप्पा, तिला गुडघ्यावर हुबं करते. लुगड्यात कळायचं न्हाय."

विटा जोडून ठेवल्या, त्यावर तिला गुडघे टेकायला लावले आणि लुगडं ओढून जमिनीपर्यंत पसरलं. आता ती नवऱ्याच्या टोपीहून चारच बोटं वर होती. हात मात्र पार खाली लोंबायला लागले. एक उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवला, दुसरा पदराखाली कोंबला.

"हलायचं न्हाय हं," मी म्हटलं. विटेची कड गुडघ्यात रुतत होती, तरी ती हलली नाही. नवरा हनुवटी वर करून ऐटीत बसला होता. त्याने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

"आत्ता कशी शोभतीया!" सासरा म्हणाला.

दुसरी काच घेऊन झाल्यावर उठवताना ती माझ्या कानाशी लागली. "आक्का, पयली काच मोडू नगासा. आईला त्यातला फोटो द्या. मी धड हाय एवढं तिला दिसू दे."

"बघते," मी म्हटलं.

जाताना सासऱ्याने बजावलं, पहिला फोटो कुणाच्या नजरेला पडता कामा नये. दुसरा चौकटीत बसवून ठेवा, तिच्या माहेरची माणसं बाजाराला येतात, ती नेतील.

माझ्या नवऱ्याने सांगितलं म्हणून मी पहिली काच धुतली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तो त्या दिवशी घरात नव्हता. चौकटीला काच हवी होती. ही मापाची होती आणि हाताशी होती. एवढंच. कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि काच बुडवली. वरचा थर सुटून सायीसारखा गोळा झाला, त्यात ती उभी बाई गेली. तो बुळबुळीत गोळा बोटांनी काढून मोरीत टाकला. बोटांचा वास दोन दिवस जाईना. धुतलेली काच मी तिच्याच गुडघ्यावरच्या फोटोवर बसवली.

आठवड्याने तिची आईच आली. लेकीसारखीच उंच, दाराशी वाकून आत आली. मी चौकट हातात दिली. तिने बराच वेळ बघितलं.

"हात तिचाच हाय," ती म्हणाली. "त्वांड बी तिचंच. मग एवढीशी कशी झाली वो? माझ्या लेकीचं पाय कुठं गेलं?"

"फोटोत असंच येतंय, मावशी."

"जावय तर बरा मोठा आलाय की."

तिने पदराने काच पुसली, उजेडाकडे धरली, तोंडाची वाफ टाकून पुन्हा पुसली.

"काच मळकी हाय काय? जरा घासून द्या की."

"काच चकचकीत हाय. मीच धुतलीया."

"ती धड हाय न्हवं? खरं सांगा."

"धड हाय," मी म्हणाले. तेवढं खरं होतं. पण दाखवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, आणि तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही.

लेकीच्या सासरी बोलावल्याशिवाय जायचं नाही, म्हणून ती बाई तीन वर्षं घरात बसून होती. तिने चौकट खुर्चीत ठेवली आणि विचारलं, "निपानीची मोटार कुठनं सुटती?"

मी सांगितलं. ती गेली. फोटो न्यायला पुढे कुणी आलं नाही. त्याची काच मी काढून दुसऱ्या जोडप्याच्या चौकटीला लावली.