घुबडाचं नाणं

मी अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवते. दिवाळीआधी बार्शीटाकळीहून थोरल्या भावाचा फोन आला. तो शेती करतो. बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडून त्यानं घुबड कोरलेलं चांदीचं जुनं नाणं घेतलं होतं. वहिनीच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला नुकताच अकोल्याला दिला होता, आणि त्यात घरात घुबड आलं. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

नाणं पाहायला निघाले, तेव्हा बसमध्ये मलाही स्वस्थ बसवेना. मूर्तिजापूर येईस्तोवर मी दादानं फोनवर पाठवलेला फोटो सारखा मोठा करून पाहत होते. अथेन्सचं नाणं हुबेहूब असंच असतं. खरं निघालं तर?

वहिनी अंगणातच उभी होती. "बाई, ते घरातून काढाले सांगा यायले."

"ग्रीकांत घुबड विद्येच्या देवीचं असतं, वहिनी."

"त्यायच्या घरी असंन. आपल्या घरी नाई."

दादानं पाणीही न विचारता नाणं हातात दिलं. मी सांगू लागले. ग्रीकांचं नाणं द्राख्मा, म्हणजे मूठभर. नाण्यांआधी तिथं लोखंडी सळ्या चालत. मुठीत सहा मावत. पुढे अशी ग्रीक नाणी भडोचच्या बाजारापर्यंत आली, संस्कृतात त्यांचं द्रम्म झालं आणि आपल्याकडे दाम.

"मंग आपला दाम तिकडचा हाये?" दादा खुलला. वहिनी मात्र ओसरीवर येरझाऱ्या घालत होती.

मी नाणं उभं धरलं. कडेवर बारीक शिवण होती. जुनी नाणी ठशावर हातोडा मारून पाडत; अशी शिवण साच्यात ओतलेल्या धातूवर येते.

"दादा, हे नकली आहे."

त्यानं नाणं घेऊन शिवणीवर नख फिरवलं. वहिनी थांबली.

"म्हंजे घुबडबी नकलीच?"

"हो."

ती खाली बसली. मग म्हणाली, "मले भेव रिपोर्टचं होतं, बाई. म्हनलं, घुबडाचं नाव घेतलं तं कोनी आयकंन तरी."

दादानं तिच्याकडे पाहिलं, मग गाडीची किल्ली घेतली. "चाल, अकोल्याले जाऊन इचारू."

त्या दिवशी रिपोर्ट मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात आला. गाठ साधी होती, पण काढावी लागली. ऑपरेशनच्या दिवशी मी डबा घेऊन गेले. दादा दवाखान्याच्या जिन्यात बसला होता. वहिनीला बाहेर आणेपर्यंत त्यानं डब्याला हात लावला नाही.