सगळ्या गावाची एकच हरकत

कौंडण्यपूरच्या खाली वर्धा नदी वळण घेते, तिथे आमचं गाव आहे. वळणावर वाळूचा रुंद पट्टा आहे. समुद्र पाहायचा तर आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना रात्रभर गाडीत बसावं लागतं, म्हणून अमरावती-अकोल्याची माणसं रविवारी आमच्या वाळूवर येतात आणि तिलाच चौपाटी म्हणतात. म्हणोत बापडी. पोरं पाण्यात डुंबतात, मोठी माणसं बाभळीखाली पत्ते कुटतात आणि दुपारी सगळे रोडग्यांवर तुटून पडतात. रोडगा म्हणजे जाडसर कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला. तो फोडून तुपात बुडवायचा आणि वांग्याच्या झणझणीत भाजीशी खायचा. काठावर रोडगे करून देणाऱ्या चार-पाच बायका आहेत. त्यातली एक माझी बायको.

मी गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवतो. बायकोच्या कामाबद्दल कोणी विचारलं की मी म्हणायचो, "तिला आवड आहे हो त्याची. घरात बसून करमत नाही." ती ऐकायची आणि कणीक मळत राहायची.

काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. नदीच्या वरच्या अंगाला कोळशावरचा वीज प्रकल्प येणार होता आणि राखेचं तळं नेमकं आमच्या वाळूशेजारी. ज्यांची हरकत असेल त्यांनी अर्ज द्यावा, मग गावात जनसुनावणी होईल, असं त्यात होतं. गाव तापलं. प्रकल्प हवा म्हणणारेही होते आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही, नोकऱ्या कोणाला नको असतात? पण बहुतेकांना नदी हवी होती. अर्ज लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मला स्फुरणच चढलं. निसर्गाचं वरदान, पर्यावरणाचा समतोल, भावी पिढ्यांचा वारसा, असं सगळं घालून मी दीड पानाचा मजकूर तयार केला. मग गावाला शाळेच्या वर्गात बसवलं आणि चक्क श्रुतलेखन दिलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अर्ज मीच लिहिले. नदीच्या पात्रात तरबूज लावणारे एक चाचा आहेत. ते मध्येच हात वर करून म्हणाले, "सर, हे समतोल का काय, हे माह्या वाडीत तं उगवत नाही. माह्या तरबुजाचं कुठी लिवलं तुमी?"

"चाचा, सरकारी कागद आहे," मी म्हणालो. "तिथे तरबूज शोभत नाही."

बिचारे पुन्हा समतोल लिहू लागले.

दोनशे अर्जांचा गठ्ठा घेऊन मी एसटीनं अमरावतीला गेलो. कार्यालयातल्या कारकुनानं चार अर्ज उलटले, पाचवा पाहिला आणि माझ्याकडे बघून हसला. "सर, तुमी मास्तर आहे ना? मंग तुमीच सांगा, ही कॉपीची केस नाही का?"

आयुष्यभर परीक्षेत पोरांच्या खिशातून चिठ्ठ्या काढणारा मी, सगळ्या गावाला कॉपी करायला लावून आलो होतो. कारकून मात्र भला माणूस निघाला. मला खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाला, "मी घेतो हे, नाही म्हणत नाही. पण वाचणारा एक वाचीन आन् बाकीच्याले दोरी बांधून ठेवीन. ज्याचं जे जाऊन राहिलं ते त्यालेच लिवू द्या ना. चार दिवस आहे अजून." त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी बोलू देता का कोणाले?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्ग भरला. या वेळी मी फक्त कागद वाटले आणि मूग गिळून बसलो. चाचांनी तरबुजाच्या वेलाला पात्रात किती खोल पाणी लागतं ते लिहिलं. एका ऑटोवाल्यानं त्याच्या रविवारच्या फेऱ्या लिहिल्या. एका म्हातारीनं शेजारणीकडून लिहून घेतलं की बायांना निवांत बसायला गावात नदीशिवाय जागा नाही, पारावर सगळे पुरुषच बसतात. माझ्या मजकुरात यातलं एक अक्षरही नव्हतं. बायको माझ्याकडे पाठ करून लिहीत होती. "दाखव, नजर टाकतो," मी म्हणालो. तिनं कागदाची घडी करून गठ्ठ्यात सरकवली.

सुनावणीच्या दिवशी मैदानात मंडप पडला. मोठे साहेब आले, प्रकल्पाची माणसं आली. नाव पुकारलं की उठून आपली हरकत वाचायची. बायकोचं नाव आलं. ती उठली आणि वाचू लागली:

"आमचे मास्तर ज्या शाळेत शिकवते, तिले अनुदान नाही. नऊ वर्सं झाले, त्याइले पगार नाही. त्या नऊ वर्सात आमचं घर या वाळूवर चाललं. पोरीचं नर्सिंगचं शिक्षण इथंच झालं. मास्तर रोज इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले, ते इस्त्री बी इथूनच. मास्तर चांगलं शिकवते. पगार नाही म्हणून त्याइनं शिकवणं सोडू नये, असं मले वाटे. आता इथं राख येणार असन, तं मले दुसरी नदी दाखवा."

माझे कान तापले. आधी रागच आला. घरातली झाकली मूठ हिनं चारचौघांत उघडली! उठून चालतं व्हावं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की मंडपात एकाही माणसाला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षं मी 'आवड आहे तिला' म्हणत होतो आणि सगळं गाव 'हो सर, बरोबर हाय' म्हणून मान डोलवत होतं. माझी अब्रू मी राखत नव्हतोच. ती या लोकांनी राखली होती.

प्रकल्पाचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. दोनेक वर्षांनी तो रद्द झाल्याचं कळलं. कोणी म्हणतं पाणी पुरणार नव्हतं, कोणी म्हणतं कोळसा. आमच्या अर्जांमुळे झालं असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण वाळू आहे, रविवार आहेत, आणि त्याबद्दल ज्या ज्या कोणाचे आभार मानायचे त्या सगळ्यांचे मी मनापासून मानतो.

बायकोनंतर चार नावांनी माझं नाव आलं. खिशात भाषण तयार होतं, ते मी काढलं नाही.

"साहेब," मी म्हणालो, "मी या बाईंचा नवरा. नऊ वर्षं मी यांच्या जिवावर मास्तर राहिलो आणि लोकांना सांगितलं की ही यांची आवड आहे. ते खोटं होतं. माझी हरकत एवढीच आहे."

नोंद घेणारा थांबला. "हे असंच लिहू का, सर?"

"असंच लिहा."

आम्ही घरी निघालो. शाळा मागे पडल्यावर ती म्हणाली, "एवढं बोलाले नऊ वर्सं लागले तुमाले?"

"लागली," मी म्हणालो. "चुकलंच माझं."