सारंगकाकांचा मानाचा घोट

सारंगकाका आमच्या आळीतले सगळ्यांत कमी पिणारे आणि सगळ्यांत नामांकित दारुडे होते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल कशा खऱ्या असू शकतात, हे मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. पण मांडवीला त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी कॉलेजची वर्षं काढली, तेव्हा प्रयत्न मीच करायला हवा.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. खोली बघायला वडील माझ्याबरोबर आले तो नेमका रविवार होता. शेजारच्या काकूंनी कुंपणावरूनच सांगितलं, "सारंगाकडे आलात? मग संध्याकाळी या. कालची अजून उतरलेली नाय." वडील मला घेऊन तिथूनच एसटी स्टँडकडे वळले. दुसरी खोली कुठे मिळाली नाही, म्हणून मी तिथे राहिलो.

सारंग हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. जहाजावर खलाशांचा मुकादम असतो, तो सारंग. आळीतल्या कितीतरी मुलांना त्यांनी शब्द टाकून जहाजावर लावलं होतं. ती मुलं सुटीवर आली की बाटली घेऊन आधी काकांच्या पडवीत येत. तिथला रिवाज असा, की बाटली उघडल्यावर चार थेंब जमिनीवर शिंपडायचे, समुद्रासाठी, आणि पहिला घोट सारंगाने घ्यायचा. त्यांनी तोंड लावल्याशिवाय बाटली पुढे फिरत नसे. मानाचा घोट नाकारला तर पुढची सफर धड होत नाही, अशी समजूत होती. सुटीवर कोणी नसेल तेव्हा आंब्याचे व्यापारी बाबूशेठ आणि निवृत्त झालेले गुरुजी शनिवारी संध्याकाळी येत. समुद्रावर ते दोघे कधी गेले नव्हते, पण रिवाज त्यांनीही उचलला होता.

काका तो एक घोट घेत. पुढे संपूर्ण बैठकभर तोच ग्लास हातात धरून गोष्टी सांगत, तळलेली मांदेली लोकांच्या पुढे सरकवत. आणि रविवारी सकाळी त्यांच्या डाव्या भुवईवर घण बसायला लागत. अर्धशिशी. खिडक्यांना पोती लावायची, कपाळ पंच्याने आवळायचं, बादली खाटेजवळ ठेवायची. मी सहाणेवर सुंठ उगाळून लेप द्यायचो. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी ते उशीत तोंड खुपसत.

त्याच वेळी अख्खी बाटली रिचवलेले बाबूशेठ आंघोळ करून, गंध लावून मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी आणायला निघालेले असत. आमच्या दारात थांबून ते पोत्याच्या पडद्याकडे बघत आणि मला म्हणत, "मानलं पाहिजे हां सारंगाला. काय प्यायला असेल." आळीचा निकाल रविवारच्या चेहऱ्यावरून लागायचा, आणि त्यात काका दर वेळी पहिले येत.

मी कॉलेजच्या वाचनालयातून अर्धशिशीवरचं एक पुस्तक आणलं आणि त्यांना वाचून दाखवलं. दारू, जागरण, रिकामं पोट. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या पुस्तकात आहे ते माझ्या डोक्याला केव्हाच कळलंय. तोंडाला कोण सांगणार?"

मग एका रविवारी सुनंदाताई, त्यांची पुण्याची मुलगी, न कळवता आली. पडवीत पाहुण्यांच्या रिकाम्या बाटल्या, आत अंधार, बादली, आणि वडील पंचा बांधून पडलेले. ती खाटेच्या कडेला बसली. "लहानपणापासून हेच बघतेय," ती मला म्हणाली. "बाबा सुटीवर आले की दोन दिवस या खोलीत. आई म्हणायची, त्यांचं डोकं दुखतंय. मोठी झाल्यावर कळलं, बिचारी झाकत होती."

मला राहवलं नाही. "ताई, डोकंच दुखतं हो त्यांचं. एकच घोट घेतात ते. मी दर शनिवारी बघतो."

"एका घोटाने माणूस बादली धरून बसतो?"

पंच्याखालून आवाज आला, "त्याचं नको ऐकू गो. पोरगा सज्जन आहे. मला वाचवायला बघतोय."

"किती घेतली होतीत, बाबा?"

काकांनी पंचा जरा वर सरकवला. "पाऊण बाटली," ते म्हणाले. त्या अवस्थेतही त्यांचा आवाज जरा ताठ झाला.

ताईने त्याच दिवशी ठरवलं, की त्यांना पुण्याला न्यायचं. ती बाजारात गेली तेव्हा मी विचारलं, "काका, खोटं कशाला बोललात? आता घर सुटणार तुमचं."

"मेल्या, सारंग एका घोटात आडवा होतो हे मांडवीला कळलं, तर इथे येईल कोण? दारुडा म्हटलं तर लोक येऊन बसतात. आजारी म्हटलं की चौकशी करतात आणि जातात." घरात त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पुन्हा सुंठ उगाळायला घेतली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पडवी भरली होती. ताई आतल्या दारात उभी राहून बघत होती. बाबूशेठनी बाटली उघडली, चार थेंब शिंपडले आणि ग्लास काकांपुढे धरला. "सारंगासारखा पिणारा पुन्हा मांडवीत होणार नाय," असं ते म्हणाले आणि गुरुजींनी चष्मा काढून पुसला. काकांनी घोट घेतला, तशी ताई आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सगळा घाट त्यांनी पंचा बांधून, डोळे मिटून पार केला. पुण्याला पोचल्यावर ताई मला फोनवर एवढंच म्हणाली, "शेवटच्या दिवशीसुद्धा सोडली नाही बघ."

घर राखायला म्हणून मी तिथेच राहिलो. शनिवारी बाबूशेठ आणि गुरुजी आले, पडवीत जरा बसले, आणि बाटली न उघडताच गेले. पहिला घोट कोणी घ्यायचा, हे ठरेना.

परवा काकांचा फोन आला. आवाज इतका मोकळा, की आधी मी ओळखलाच नाही. ताईने त्यांना व्यसन सोडणाऱ्या लोकांच्या बैठकीला घातलं आहे. "रोज संध्याकाळी सगळे गोल बसतात. एकेकाने आपलं सांगायचं. मी जहाजावरचं सांगतो, निम्मं तिथलं, निम्मं मनचं. माणसं हलत नाहीत रे जागची. चहा देतात. गेल्यापासून डोकं एकदासुद्धा दुखलं नाय. परवा माझा सत्कार केला, एवढी पिणारा माणूस असा एका दिवसात सुटला म्हणून."

मी म्हटलं, परीक्षा झाली की भेटायला येतो.

"ये की. बैठकीलाच ये, ओळख करून देतो सगळ्यांशी," ते म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला. बहुधा ताई जवळपास असावी. "पण तिथे माझ्याबद्दल खरं काही बोलू नको हां. काढून टाकतील मला."