घटापुढचा पंखा

दिवस-रात्र सारखे कधी होतात ते म्हणे पंचांगात बघावे लागते. पाळीवर काम करणाऱ्याला ते बाराही महिने सारखेच. आमच्या आईचा हिशोब त्याहून सोपा होता : घट बसले की ऋतू बदलला, गरमी सरली. भिलाईच्या उन्हाला हे कोणी कळवले नव्हते.

कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. नवरात्रासाठी आई गावाहून पहिल्यांदाच आमच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आली. भट्टीच्या कामात मला काही होऊ नये म्हणून तिने घटापुढे अखंड दिवा लावला. मी रात्रपाळी करून भाजून यायचो आणि खिडक्या बंद केलेल्या त्याच खोलीत झोपायचो. नवा टेबल पंखा कोपऱ्यात फडके पांघरून बसलेला. दिव्याला वारा चालत नाही. "थंडी लागून राहिली आता, पंखा कायले?" असे म्हणत आई स्वतः पदराने वारा घ्यायची.

सातव्या माळेला ती नळावर गेली आणि मी पंखा लावला. पहिल्याच झोतात दिवा गेला. मी घाईने काडी ओढून तो पुन्हा पेटवला, पंखा बंद केला आणि चादर डोक्यावरून घेतली. जळकी काडी घटापाशीच राहिली.

आईने ती पाहिली. स्वयंपाकघरातून बायकोला बोलावले.

"कावून वं, दिवा तुह्यानं इझला?"

बायकोने पंख्याची घरघर ऐकलेली होती.

"हो आत्याबाई. पदर लागला."

मी चादरीखाली घामाने निथळत जागा होतो. उठलो नाही.

आईने पुढे मरेपर्यंत तिला घटाला हात लावू दिला नाही. सून वेंधळी, हे आल्यागेल्याला सांगितले. मुलांनी तेच उचलले. अजूनही नवरात्र आले की नातवंडे "आजी, पदर सांभाळ" म्हणून हसतात आणि तीही त्यांच्यात हसते. याचा मला फार वैताग येतो.

काल जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकले, की पंखा मी लावला होता. बायको वाढतच होती.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "जेवा आता."

मग उठून तिने डोक्यावरचा पंखा बंद केला. आतल्या खोलीत घटापुढे दिवा होता.