अण्णा गाडीत बसत नाहीत

रोज झोपण्यापूर्वी चार ओळी लिहायची मला सवय आहे. पूर्वी त्यात हवा, आंबा आणि ऑफिस असायचं. इलेक्ट्रिक एसयूव्ही दारात आल्यापासून पानं तिच्याच गोष्टींनी भरतायत, आणि प्रत्येक गोष्टीत कुठेतरी अण्णा येतातच.

अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर एस.टी. चालवली. आता बसच्या पायऱ्या चढताना गुडघे दुखतात, म्हणून तर ही गाडी घेतली. आणि तेच तिच्यात बसेनात! म्हणाले, "चढाला जी गाडी बोलत नाही, तिच्यावर माझा भरवसा नाही."

*

गाडी आली त्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. अण्णांनी बॉनेट उघडायला लावलं. आत सामान ठेवायचा रिकामा खण. त्यांनी बराच वेळ वाकून पाहिलं आणि शोरूमच्या माणसाला काळजीने विचारलं, "इंजिन मागाहून पाठवणार काय?"

*

शेवंतीमावशी डोक्यावर माशांची पाटी घेऊन वाडीच्या अरुंद रस्त्याने चालली होती. तिच्यामागे हॉर्न वाजवणं बरं दिसेना, म्हणून मी हळूहळू मागून येत राहिलो. वळणावर तिने सहज मागे पाहिलं आणि दचकली.

"मेल्या, भुतासारखा काय येतोस? खाकर तरी!"

तेव्हापासून वाडीत शिरताना मी काच खाली करून खाकरतो. माझी बायको सुमेधा हल्ली गाडीत खडीसाखर ठेवते.

*

एका सकाळी वाडीतली वीज गेली. आमच्या गाडीतून बाहेर वीज घेता येते. सुमेधाने अंगणात वायर ओढून मिक्सर लावला आणि खोबऱ्याचं वाटण केलं. तासाभरात शेजारणी आपापले मिक्सर घेऊन रांगेत!

दुपारी अण्णांनी बांगड्याची आमटी दोनदा मागून घेतली. वाटण कशावर केलं ते सुमेधाने मग सांगितलं. अण्णांनी वाटी निपटली.

"बारीक झालंय. पण मी बसणार नाही."

*

लांज्याला आत्याकडे जेवण होतं. अण्णा एस.टी.ने निघाले. वाटेत गुडघा अडला तर, म्हणून आम्ही रिकाम्या गाडीने बसच्या मागे. प्रत्येक थांब्यावर आम्हीही थांबायचो. शेवटी कंडक्टरला शंका आली. अण्णांनी त्याला सांगितलं म्हणे, "घरचीच आहेत. येऊ देत."

परतीची बस आली ती दारापर्यंत भरलेली. अण्णांनी पायरीवर पाय ठेवला आणि दांडा धरून तसेच उभे राहिले. गुडघा उचलेना. आत्याने त्यांना दंडाला धरून आमच्या गाडीकडे आणलं. "हट्ट पुरे, अण्णा. बस गप."

अण्णा मागच्या सीटवर बसले, अगदी परक्याच्या घरी बसावं तसे. अंजणारीचा घाट उतरताना त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. माझा मात्र ब्रेकवर नव्हताच. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडी आपोआप आवरते आणि त्यावर बॅटरी थोडी भरते, हे मी सांगितलं.

घाट संपल्यावर अण्णा म्हणाले, "बाजूला घे."

ते उतरून मागे चालू लागले. रागावून बस शोधायला निघाले, असंच मला वाटलं. पण ते चाकाशी थांबले, कष्टाने वाकले आणि घाट उतरल्यावर ब्रेक किती तापलेत ते आयुष्यभर बघत आले तसा उलटा हात चाकाजवळ नेला. मग चाकालाच लावला. तिथेच ठेवला.

"गार आहे," स्वतःशीच म्हणाले.

मग पुढे आले आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

"उतर."