वरची एक बांगडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तर बहुधा निबंध शिकवणारे गुरुजी म्हणून.

निबंध मला शिकवता येई. आजही तेच सांगेन – विषय सोडू नका. पाठ केलेली वाक्ये ठोकू नका. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहू नका. आणि दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून देऊ नका. यात एकही नियम चुकीचा नाही. फक्त वर्गाला एक गोष्ट माहीत नव्हती – मी स्वतः मराठीत एकही निबंध लिहिलेला नव्हता. माझे शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून. विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाली आणि एका उन्हाळ्यात मी मराठीचा शिक्षक झालो. बाजारातल्या पुस्तकातला निबंध मी सांगे, मुले उतरवून घेत, पाठ करीत. नियम कोणते मोडत होते, ते तुम्हीच पाहा.

तेर गावच्या शाळेत हमीदा सातवीला होती. तिचे वडील रसूलचाचा गावातल्या बायांना बांगड्या भरत. मी 'दिवाळी' हा विषय दिला. साऱ्यांनी माझाच निबंध मला परत केला. हमीदाने लिहिले – आमच्या घरी दिवाळी नसते, पण दिवाळीआधी सारा गाव आमच्या ओट्यावर असतो. काच लागून अब्बांचे अंगठे चिरतात. बांगड्या भरून झाल्या की अब्बा वरून एक बांगडी फुकट चढवतात आणि बाया त्यांना वाकून नमस्कार करतात. ती वरची बांगडी पेटीतून निवडायची मला मुभा आहे. तीच माझी दिवाळी.

मी काय करायला हवे होते? ठाऊक होते मला. लाल शाईने लिहिले – 'विषयांतर. दुसऱ्याकडून लिहून घेतलेले.'

"कुणी लिहून दिलं?" मी वर्गात विचारले.

"कुणी न्हाय, गुरुजी. म्याच लिवलं."

"तिच्या शेळीनं लिवलं आसंल, गुरुजी!" मागून कुणीतरी ओरडले. वर्ग हसला. मी हसू दिले.

ते तिचेच होते, हे मला पहिल्या ओळीला कळले होते. सगळी हयात उसन्या वाक्यांवर काढणाऱ्याला दुसऱ्याचे स्वतःचे वाक्य लगेच ओळखू येते. आणि ते सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी रसूलचाचा आले. उंबऱ्याबाहेरच थांबले. "गुरुजी, पोरगी कसम खाती. तुमी म्हनाल ते खरं. पर खोटं बोलत आसंल तर साळा बंद. खोटारडीला शिकवून काय करू?"

एका शब्दाचे काम होते. मी म्हणालो, "खोटं बोलते."

हमीदा पुन्हा शाळेत आली नाही.

पुढच्या वर्षी 'दिवाळी' सांगताना मी पुस्तक उघडले नाही. हमीदाचा निबंध सांगितला – 'अब्बा'च्या जागी 'आमच्या गावचे चाचा'. तपासणीला आलेल्या साहेबांनी वाखाणला. उस्मानाबादपर्यंतच्या शाळांनी उतरवून नेला. 'गुरुजींचा निबंध' – असेच म्हणत. मी कधी नाही म्हणालो नाही.

पुढे माझ्या मुलीचे लग्न ठरले. चाचांचे हात थरथरत, म्हणून चुडा भरायला हमीदा आली. भरून झाल्यावर तिने पेटीतून एक बांगडी निवडली आणि वरून चढवली.

मुलगी हरखली. "बाबा, ही वरची बांगडी! तुमच्या निबंधातली!"

माणसांनी भरलेले घर माझ्याकडे पाहत होते. हमीदाने मान वर केली नाही.

"व्हय, ताई," ती पेटी आवरत म्हणाली, "लई चांगलं लिवलंय गुरुजींनी. माझ्या पोराला बी पाठ हाय."

तेव्हाही एका शब्दाचेच काम होते.

मुलीने रीतीप्रमाणे वाकून तिला नमस्कार केला. मी दारात ताठ उभा होतो.

निबंध हमीदाचा होता. खोटे मी बोललो.